मर्सो: पिंपातच आंबलेली पांढरी वाइन पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी

सप्टेंबर सरता सरता फ्रान्समधल्या मर्सो गावी गेलात आणि कुणी तळघरात उतरू दिलं, तर पिंपाच्या वरच्या भोकाजवळ कान नेऊन बघा. आत बारीक सरसर चालू असते, पाण्यात इनो टाकून ग्लास कानाशी धरल्यासारखी. नाक मात्र भोकावर नेऊ नका. वर येणारा कार्बन डायऑक्साइड असा झोंबतो की डोळ्यांत टचकन पाणी येतं. मी नेमकं तेच केलं होतं आणि शेजारी उभे असलेले म्हातारे कारभारी पोट धरून हसले होते.

त्या पिंपात द्राक्षाचा रस असतो आणि त्या लाकडातच त्याची वाइन होत असते. स्टीलच्या टाकीत वाइन करून नंतर मुरायला पिंपात भरायची, ही रीत वेगळी. फरक समजायला घरचं उदाहरण पुरे. विकतचं दही आणून नव्या मडक्यात ओतलं, तर दह्याला मडक्याचा वास येतो. दूध मडक्यातच विरजलं, तर दही आणि मडकं वेगळं काढता येत नाही. 'ओकमधली वाइन' म्हटलं की नवखा माणूस पहिल्या घोटापासून लाकूड शोधायला लागतो. मीही शोधायचो. चांगल्या मर्सोत ते सापडत नाही, आणि न सापडणं ही चूक तुमची नसते.

आधी नाव आणि गाव

उच्चार मर्सो. शेवटी एल आणि टी लिहितात, म्हणत नाहीत. गाव फ्रान्सच्या बरगंडी प्रदेशात, बोन शहराच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर. पांढरी वाइन इथे शार्दने या एकाच द्राक्षाची. थोडी लाल वाइनही होते, पण तिच्यासाठी कुणी वाट वाकडी करत नाही.

गावाच्या पश्चिमेला लांबट उतार आहे, तोंड पूर्वेकडे. सकाळचं ऊन सरळ वेलींवर येतं. खाली चुनखडी आणि चुनखडीमिश्रित चिकणमाती. आपल्याकडे नाशिकला बेसॉल्टचा कातळ, वर मुरूम नाहीतर काळी माती. दोन्हीकडे द्राक्षच, पण पायाखालचा दगड सगळा वेगळा.

मी निफाडकडचा, त्यामुळे तिथे पहिल्यांदा गेलो तेव्हा बाटलीआधी बाग बघितली. मांडव नाही, वाय आकाराचे अँगल नाहीत. कमरेएवढ्या वेली, दोन ओळींत जेमतेम मीटरभर अंतर, हेक्टरी सुमारे दहा हजार वेली. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा संपता संपता गोडी छाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री लागते. तिथे हिवाळ्यात वेल झोपलेली असताना एकदाच. द्राक्षं सप्टेंबरात उतरतात, अलीकडे उन्हाळे तापायला लागल्यापासून कधी ऑगस्टअखेरच. त्यांची धास्ती गारपिटीइतकीच एप्रिलच्या दहिवराची. २०२१च्या एप्रिलमध्ये कोंब फुटलेले असताना पारा शून्याखाली गेला, आणि लोकांनी रात्र रात्र बागेत मोठमोठ्या मेणबत्त्या पेटवून ठेवल्या. तरीही त्या वर्षी कित्येकांच्या हाती निम्म्याहून कमी माल आला. शार्दनेला कोंब लवकर फुटतो, म्हणून मार तिलाच जास्त.

उताराचा नकाशा हातावर काढा

हे पाठ करायला दोन मिनिटं लागतात आणि पुढे आयुष्यभर पैसे वाचतात.

मर्सोत ग्राँ क्रू, म्हणजे सर्वांत वरच्या दर्जाची बाग, एकही नाही. प्रीमिए क्रू, म्हणजे त्याखालच्या पायरीच्या बागा, आहेत, आणि त्यातल्या नावाजलेल्या बहुतेक गावाच्या दक्षिणेला, शेजारच्या प्युलिन्यी गावाकडे जाणाऱ्या उताराच्या मध्यावर. तीन नावं लक्षात ठेवा: पेरिएर, जनव्रिएर, शार्म. पेरिएर म्हणजे दगडाची खाण. तिथे खरंच खाणी होत्या, आणि माती इतकी पातळ की बुटाखाली खडा लागतोच. तिथली वाइन ताणलेली, मिठाच्या खड्यासारखी खारट झाक असलेली. तिच्या खाली शार्म, सुमारे ३१ हेक्टर, म्हणजे पेरिएरच्या दुपटीहून मोठी. माती खोल, वाइन भरलेली, लवकर बोलकी होणारी. जनव्रिएर दोघींच्या अधलीमधली. गावाजवळच्या गूत दॉरचं नावच 'सोन्याचा थेंब'. थॉमस जेफरसन अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष होण्याआधी, १७८७मध्ये, या भागातून फिरला होता आणि तिथली वाइन त्याने आवर्जून मागवली होती.

या आखलेल्या तुकड्यांना तिथे 'क्लिमा' म्हणतात. बरगंडीतले क्लिमा २०१५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. जमीन मोजायचं जुनं माप 'ऊव्रे', एका माणसाने दिवसभरात कसायची तेवढी जमीन. हेक्टरचा साधारण चोविसावा भाग, आपले सव्वाचार गुंठे. सातबाऱ्यावर जशी पिढीगणिक नावं वाढत जातात, तसंच तिथेही झालंय, कारण नेपोलियनच्या कायद्याने वारसांना समान वाटे मिळाले. एकेका बागेत वीस-वीस मालक, कुणाकडे पाच-सहा ओळीच. म्हणून 'पेरिएर' एवढं वाचून बाटली घेणं म्हणजे 'रत्नागिरी हापूस' एवढं वाचून पेटी घेण्यासारखं. आत काय आहे ते पिकवणाऱ्यावर ठरतं.

पिंपात नेमकं काय घडतं

थोडं सावकाश वाचा, पुढचं सगळं यावर उभं आहे.

घड देठासकट प्रेसमध्ये जातात आणि हवेच्या फुग्याने हळूहळू दाबले जातात. रस रात्रभर थंड ठेवून जाड गाळ खाली बसू देतात आणि वरचा, अजून किंचित धूसर असलेला रस पिंपात उतरवतात. पिंप काठोकाठ भरत नाहीत, कारण आंबताना फेस वर येतो.

हे पिंप २२८ लिटरचं, स्थानिक नाव 'पिएस', त्यातून साधारण ३०० बाटल्या निघतात. ओक फ्रान्सच्या जंगलातला. त्रॉन्से हे त्यातलं नामांकित जंगल, चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याने नौदलाच्या जहाजांसाठी राखलेलं. जहाजं लोखंडाची झाली आणि लाकूड वाइनच्या वाट्याला आलं. फ्रेंच ओक करवतीने कापत नाहीत, रेषेवरून फोडतात, नाहीतर फळी पाझरते. फळ्या दोन-तीन वर्षं उघड्यावर पावसात भिजत, उन्हात वाळत ठेवतात, तेव्हा लाकडातला कडवटपणा जातो. मग आगीवर धरून वाकवतात आणि आतून शेकतात. पापड विस्तवावर धरावा तसं, किती शेकायचं ते गिऱ्हाईक सांगतं. शेकताना लाकडात व्हॅनिलाचा वास तयार होतो, थोडा धूर, आणि युजिनॉल, जो आपल्या लवंगेत असतो.

आता गंमत. यीस्ट आंबवण्याचं काम करत असताना लाकडातून आलेला व्हॅनिलिन पकडतं आणि त्याचं जवळजवळ वास नसलेल्या पदार्थात रूपांतर करतं. मेलेलं यीस्ट तळाशी साका होऊन बसतं, तेही लाकडाचा बराच अंश शोषून घेतं. म्हणून रसापासून पिंपात आंबलेली वाइन, टाकीत तयार होऊन नंतर पिंपात घातलेल्या वाइनपेक्षा कमी लाकडी लागते. लाकडाशी सहवास जास्त, चव कमी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला उलटंच वाटलं होतं.

साखर संपायला दोन आठवड्यांपासून दोन महिन्यांपर्यंत वेळ लागतो. मग वाइन साक्यावरच ठेवतात आणि अधूनमधून वाकड्या काठीने तो ढवळतात. याला 'बातोनाज' म्हणतात. मी काठी हातात घेतली तेव्हा जोर लावला. कारभाऱ्यांनी मनगट धरून थांबवलं: ताक घुसळायचं नाही, तळाशी झोपलेल्याला फक्त कूस बदलायला लावायचं. भोकातून वर आलेली वाइन तांदळाच्या धुवणासारखी पांढुरकी होती आणि वास ताज्या पावाचा. साक्यामुळे वाइनला अंग येतं, जिभेवर दाटपणा येतो. शिवाय साका ऑक्सिजन खातो, म्हणजे वाइनची राखणही करतो.

पुढे बरेचदा वसंतात, तळघर ऊबदार झालं की, दुसरं आंबणं सुरू होतं, जिवाणूंचं. हिरव्या सफरचंदात असतं ते बोचरं मॅलिक आम्ल दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतं, म्हणजे आंबटपणा मवाळ होतो. लोण्याचा वास येतो तो यातूनच, डायअसिटिलमुळे. मर्सो म्हणजे लोणी आणि भाजलेला हेझलनट, हे समीकरण इथलं. आता बरेच उत्पादक कमी ढवळतात, नवी पिंपं कमी वापरतात, त्यामुळे लोण्यापेक्षा काडी ओढल्यावर येतो तसा गंधकाचा वास हल्ली जास्त भेटतो. मला तो आवडतो, पण त्याचाही अतिरेक करणारे आहेतच.

सगळी पिंपं नवी कधीच नसतात. गावपातळीच्या वाइनला साधारण पाचातलं एक नवं, प्रीमिए क्रूला जरा जास्त. चार-पाच हंगाम वापरलेलं पिंप चवीला काही देत नाही, फळ्यांमधून किंचित श्वास घेऊ देतं एवढंच. दहा ते अठरा महिन्यांनी वाइन बाटलीत जाते.

लेबल वाचताना

मोठ्या अक्षरात 'बुर्गोन्य', म्हणजे बरगंडीचं फ्रेंच नाव, असेल, तर द्राक्षं प्रदेशातली कुठलीही. 'मर्सो' असेल तर या गावची. हा दर्जा कायद्याने ठरला १९३७मध्ये. 'मर्सो'खाली 'प्रीमिए क्रू' आणि बागेचं नाव असेल, तर वरची पायरी. गावपातळीच्या काही बाटल्यांवरही बागेचं नाव असतं, जसं नारव्हो किंवा तिये. या उताराच्या वरच्या, थंड अंगाच्या बागा. अलीकडे उन्हाळे कडक झाल्यापासून माझा पैसा मी तिकडेच लावतो.

मग बघा बाटली कुणी भरली. द्राक्षं पिकवणाऱ्यानेच भरली असेल तर 'दोमेन' हा शब्द सापडेल. व्यापारी घराणी रस किंवा वाइन विकत घेऊनही उत्तम काम करतात, त्यांना नाक मुरडू नका.

लेबलवर ओकचा उल्लेख मोठ्या अक्षरात असेल, तर जरा सावध. मर्सोवाले तो सहसा छापतच नाहीत, कारण पिंप तिथे गृहीतच. स्वस्त वाइनमध्ये ओकचे तुकडे बुडवूनही वास आणता येतो.

घेताना

फ्रान्समध्येही ४०-५० युरोंच्या खाली चांगली मर्सो मिळणं अवघड. भारतात आयातशुल्क आणि राज्याचा कर चढल्यावर आकडा बघून माणूस बाटली परत फळीवर ठेवतो. पहिल्याच खेपेला एवढे पैसे घालू नका. शेजारच्या ओसे-द्युरेस, सँ-रोमँ किंवा सँ-तोबँ गावांच्या पांढऱ्या वाइन त्याच रीतीने होतात आणि खिशाला सोसतात. त्याहून चांगली युक्ती म्हणजे मर्सोच्याच एखाद्या उत्पादकाची साधी 'बुर्गोन्य' पांढरी. वेली गावाच्या खालच्या सपाटीवरच्या, पण हात आणि तळघर तेच. महाराष्ट्रातच सुरुवात करायची तर नाशिक आणि अकलूजकडे शार्दने होते. दुकानात विचारा की ती बॅरलमध्ये आंबवली आहे की नुसती ठेवली आहे. दुकानदाराला ठाऊक नसेल, पण मागच्या लेबलवर बरेचदा लिहिलेलं असतं.

जुनी बाटली स्वस्तात मिळतेय म्हणून हुरळू नका. १९९०च्या दशकाच्या मध्यापासूनच्या बरगंडीच्या पांढऱ्या वाइनमध्ये एक दुखणं निघालं: पंधरा वर्षं टिकेल अशी बाटली सहाव्या-सातव्या वर्षीच म्हातारी. रंग गडद सोनेरी ते तपकिरी, वास कापून ठेवलेल्या काळ्या पडलेल्या सफरचंदाचा. आता ते कमी झालंय, गेलेलं नाही. नवख्याने चार ते सात वर्षांची बाटली घ्यावी.

गार किती, ग्लास कोणता

सर्वांत जास्त वाइन इथे वाया जाते. घरच्या फ्रिजमध्ये चार-पाच अंश असतात, आणि त्या थंडीत मर्सो मुकी. मी माझी पहिली बाटली बर्फात रुतवून प्यायलो, लिंबूपाणी बरं म्हटलं आणि अर्धा ग्लास ओट्यावर विसरलो. तासाभराने घोट घेतला तेव्हा भाजलेल्या काजूचा वास आला, आणि बाटली तर संपलेली.

११ ते १३ अंश बरोबर. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवा, मे महिन्यातल्या पुण्यात वीस मिनिटं पुरे. बूच तेव्हाच काढा. ग्लास पोटाला रुंद हवा, शॅम्पेनची उभी नळी नको. एक तृतीयांशच भरा.

चव घेताना शेजारी शाब्ली ठेवा

एकटी मर्सो पिऊन नवख्याला काही कळत नाही, तुलना हवी. शाब्लीही बरगंडीतलीच, द्राक्ष तेच, पण शंभर-सव्वाशे किलोमीटर वायव्येला, आणि साधी शाब्ली बहुतेक स्टीलच्या टाकीत होते. दोन मित्रांनी मिळून एकेक बाटली आणली तर खर्चही वाटला जातो.

आधी शाब्ली. लिंबाची साल, ओला दगड, जिभेच्या कडांवर चटकन येणारा आंबटपणा. मग मर्सो. आधी वास घ्या, पण व्हॅनिला शोधू नका. बघा की वाइन जिभेच्या मध्यभागी बसते का. दुधाची साय जिभेवर पसरते तसा पसरट भार जाणवेल, आणि त्यामागून आंबटपणा वर येईल. तो आलाच नाही, तर वाइन जड आहे. गिळल्यावर मनात दहापर्यंत मोजा. अजून चव आहे का? कडेला मीठ आहे का? लाकूड पहिल्या क्षणी नाकात घुसलं आणि गिळल्यावर घशात फर्निचरच्या दुकानासारखा कोरडा तुरटपणा उरला, तर पिंप वरचढ झालं. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच खराब. बाटली परत करा, लाजू नका.

थोडी उरवून बूच लावा, फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत प्या. चांगली मर्सो बरेचदा दुसऱ्या दिवशी जास्त बोलते.

सोबत काय

तिकडे सायीतली कोंबडी, नदीतला मासा, कोंते चीज. आपल्याकडे लाल तिखटाचा रस्सा नको, वाइन झोपते. ओल्या काजूची उसळ, खोबरं जास्त आणि मिरची कमी घालून केलेली, ही माझी पहिली पसंती. काजूचा दुधाळपणा आणि वाइनचा भाजका वास एकमेकांत मिसळतात. नारळाच्या दुधातलं पापलेट किंवा लसणीच्या लोण्यात परतलेली कोलंबीही चालते. चिंच आणि कोकम दोन्ही टाळा.

जायचं असेल तर

पॅरिसहून दिजोंपर्यंत वेगवान गाडीने दीड तासाच्या आसपास, तिथून लोकल गाडीने बोन. बोनमध्ये सायकल भाड्याने घ्या. 'व्हवा दे व्हिन्य' हा सायकलमार्ग पोमार, व्होलने, मर्सो, प्युलिन्यी करत द्राक्षबागांतूनच सांतनेपर्यंत जातो. पेरिएर आणि शार्मच्या मधल्या वाटेवर उतरा, दोन्हीकडची माती हातात घ्या आणि परत ठेवा. घडाला हात लावू नका, आपल्या बागेत कुणी लावलेला आपल्याला चालतो का?

उत्पादकांची दारं दुकानासारखी उघडी नसतात. महिनाभर आधी पत्र लिहून वेळ मागावी लागते, आणि तोडणीच्या दिवसांत कुणी उत्तर देत नाही. वेळ मिळाली नाही तर शातो द मर्सोची जुनी तळघरं पैसे भरून बघता येतात. नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनच्या जुन्या धर्मादाय रुग्णालयाच्या वाइनचा लिलाव असतो, १८५९पासूनचा. तिथे नुकत्याच आंबलेल्या वाइनची पिंपंच्या पिंपं विकली जातात. दुसऱ्या दिवशी मर्सोत 'पोले'. तोडणी संपल्यावर मालकाने मजुरांना जेवू घालायची ही रीत १९२३ साली नव्याने सुरू झाली, आणि आता शेकडो पाहुणे आपापली बाटली घेऊन दुपारभर जेवतात. त्या दोन दिवसांत बोनमध्ये खोली मिळत नाही.

परतताना बाटल्या हँडबॅगेत चालत नाहीत. स्वेटरमध्ये गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध ठेवा. भारतात उतरताना एका प्रवाशाला शुल्काशिवाय दोन लिटरपर्यंत मद्य आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या त्यात बसतात, तिसरी बसत नाही. घरी आल्यावर दोन आठवडे त्या हलवू नका आणि ओट्यावरच्या कपाटात ठेवू नका. पलंगाखालची थंड, अंधारी जागा बरी.